जर्मेनियमचा पीक मागे का पडला

न्यूट्रिनो डिटेक्टरचं कॅलिब्रेशन (मोजपट्टी जुळवणं) म्हणजे किरणोत्सारी सोर्स आत सोडा, पीक (आलेखातला उंचवटा) बघा, आकडा लिहा, झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं म्हणून हे लिहितेय.

रिअॅक्टरमधून आलेला अँटीन्यूट्रिनो हा सूक्ष्म कण लिक्विड सिंटिलेटरमधल्या (ऊर्जा मिळाली की उजेड देणाऱ्या द्रवातल्या) प्रोटॉनवर आपटला की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि न्यूट्रॉन निघतात. पॉझिट्रॉनचा उजेड लगेच दिसतो, न्यूट्रॉन मात्र साधारण 200 मायक्रोसेकंदांनी हायड्रोजनने पकडल्यावर 2.2 एमईव्हीचा (हे ऊर्जेचं एकक) गॅमा, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाशकण, देतो. आपल्या हातात येतो तो फक्त उजेड, त्यावरून ऊर्जा काढायची.

त्या दिवशी आधी सिझियम-137 सोडला, 0.662 एमईव्हीचा एकच गॅमा, पीक सुरेख आला. मग जर्मेनियम-68. त्यातला पॉझिट्रॉन कॅप्सूलमध्येच संपतो, बाहेर येतात 0.511 चे दोन गॅमा, मिळून 1.022. ऊर्जा जास्त म्हणजे दर एमईव्हीमागे उजेडही जास्त हवा ना, तर तो सिझियमपेक्षा कमी! ज्युनिअर म्हणाला, "ताई, सोर्स सेंटरवरून सरकलाय बहुतेक." त्याची शंका रास्तच होती, म्हणून पोझिशन तपासली, एलईडीने पीएमटीचे (उजेड टिपणाऱ्या नळ्यांचे) गेन, म्हणजे त्या सिग्नल किती पटीने वाढवतात ते, बघितले, सिझियम परत सोडला, सगळं जिथल्या तिथे.

मग कागद घेऊन बसलो. सिंटिलेटरला बेरीज कळत नाही, त्याला प्रत्येक गॅमा वेगळा दिसतो, आणि गॅमा जितका लहान तितके त्याने उडवलेले इलेक्ट्रॉन मंद, मंद इलेक्ट्रॉनची ऊर्जा थोड्या जागेत दाटीने सांडते आणि तिथे उजेड दबतो, ज्याला बर्क्स क्वेंचिंग म्हणतात. चेरेन्कोव्हचा उजेडही (द्रवात प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा कण देतो तो) अशा इलेक्ट्रॉनकडून कमीच. म्हणजे तुलना 1.022 ची नाहीच, 0.511 ची आहे!

हे खरं असेल तर कोबाल्ट-60 (1.17 आणि 1.33, बेरीज 2.5) हा न्यूट्रॉनच्या एकट्या 2.2 च्या गॅमापुढे दर एमईव्हीला कमी पडायला हवा. कोबाल्ट सोडला, मग न्यूट्रॉन देणारा अमेरिशियम-बेरिलियम. पीक फिट होईपर्यंत कोणी खुर्चीवरून हललं नाही, आणि कोबाल्ट खरंच खाली आला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

हे बारीक वाटेल, पण न्यूट्रिनोचा पॉझिट्रॉनही शेवटी तेच 0.511 चे दोन गॅमा सोडून जातो. उजेड आणि ऊर्जेच्या नात्यातला हा वाक जमेस धरला नाही तर अख्खा स्पेक्ट्रम (ऊर्जांचा आलेख) सरकतो, आणि चीनमधल्या जुनोसारख्या 20 हजार टनांच्या न्यूट्रिनो डिटेक्टरला ऊर्जेची मोजपट्टी 1 टक्क्याच्या आत लागते.