केसाएवढी रेघ

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका नृत्यमहोत्सवाच्या इंग्रजी-मराठी पुस्तिकेची मांडणी माझ्याकडे होती. मुखपृष्ठावरच्या इंग्रजी नावासाठी मी बोदोनी हे इंग्रजी अक्षरवळण निवडले. उभ्या रेघा भरदार, आडव्या रेघा आणि टोकांचे सेरिफ, म्हणजे रेघांच्या शेवटचे छोटे आडवे पाय, मात्र केसासारखे बारीक. ७२ पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप) ते नाव इतके देखणे दिसले की आयोजकांनी पहिल्याच प्रूफला होकार दिला. त्याच भरात मी आतल्या पानांवरची कलाकारांची इंग्रजी नावेही त्याच अक्षरात, ९ पॉइंटात, गडद काळ्या पट्टीवर पांढरी बसवली. पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा सगळे सुरेख होते.

छपाईच्या दिवशी मशीनमनकाकांनी पहिला ताव उजेडात धरला आणि काही न बोलता भिंग माझ्या हाती दिले. ‘एन’ची कमान बुजून दोन सुटे खांब उरले होते. ‘ई’ची आडवी रेघ गेल्यामुळे तो ‘सी’ वाचला जात होता, म्हणजे एका नर्तकीचे नावच बदलले होते. काळा गडद दिसावा म्हणून मी तो छपाईच्या चारही शाया एकावर एक देऊन केला होता, आणि प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते. त्यातली एक प्लेट किंचित सरकली तरी एवढी बारीक पांढरी रेघ झाकली जाणार, आणि गुळगुळीत लेप नसलेल्या कागदावर शाई पसरते ती वेगळीच.

“शाई कमी केली तर पट्टी फिकी पडेल, सर,” काका म्हणाले. उमेदीची वर्षे त्यांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्यात घालवली होती. “आमच्या वेळी लहान खिळा म्हणजे मोठ्याची नक्कल नसायची. त्याची कोरणीच वेगळी असायची.”

ज्याच्या नावाने हे अक्षर ओळखले जाते त्या इटलीतल्या पार्माच्या मुद्रक जाम्बातिस्ता बोदोनीने (१७४०–१८१३) नेमके हेच केले होते: लहान आकारासाठी अक्षराचा ठसा कोरताना बारीक रेघेला थोडे अंग द्यायचे. संगणकात आपण एकच रेखाटन हवे तसे ताणतो; ७२ पॉइंटात अर्धा मिलिमीटर असलेली रेघ ९ पॉइंटात त्याच्या आठव्या हिश्शावर येते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आयटीसी (इंटरनॅशनल टाइपफेस कॉर्पोरेशन) या अक्षरे बनवणाऱ्या कंपनीने १९९४ मध्ये ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी बोदोनीची तीन निरनिराळी रेखाटने काढली, ती याच कारणाने, आणि माझ्याकडे तिन्ही होती.

मराठी नावे मात्र शाबूत होती, कारण ती मी जाड-बारीक भेद कमी असलेल्या अक्षरात लावली होती. देवनागरीत गाठी आणि आतल्या पोकळ्या आधीच बुजू पाहतात, म्हणून तिथे माझा हात आपोआप सावध राहतो. रोमन अक्षरांच्या बाबतीत देखणेपणाने मला गाफील केले.

मशीन थांबवून मी तिथेच बसलो. नावे ६ पॉइंटांच्या रेखाटनात घेतली, अक्षरांतले अंतर जरा सैल केले, पट्टी एकट्या काळ्या शाईची केली. मुखपृष्ठाला हात लावला नाही. ते तसेच हवे होते. नव्या प्लेट रात्री नऊला चढल्या. काकांनी पुन्हा भिंग टेकवले, ‘ई’ची रेघ बोटाने दाखवली आणि मशीन सुरू केले. प्लेटचा खर्च मी माझ्या बिलातून वजा केला.