तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला त्याचा काय उपयोग झाला?

खानापूर तालुक्यातल्या वाचनालयांत आणि मराठी शाळांत मी उद्याच्या विज्ञानावर बोलतो, आणि भाषण संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, हे सगळं आपल्या हयातीत होणार असं तुम्ही ठामपणे सांगता, पण तुमच्या भावाला त्याचा काय उपयोग झाला?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माझ्या धाकट्या भावाला पाहिलेलं आहे, त्यामुळे त्याच्या मूत्रपिंडाच्या आजाराची हकीकत पुन्हा सांगत नाही. मात्र हा प्रश्न टाळून टाळून आता मी थकलो आहे.

मी हवेतल्या गोष्टी सांगत नाही, हे आधी स्पष्ट करतो. १९४३ साली, नेदरलंड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून व्यवहारात वापरता येईल असं पहिलं डायलिसिसचं, म्हणजे मूत्रपिंडाऐवजी रक्त शुद्ध करणारं, यंत्र चालवलं. त्यांचे सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. यंत्रामुळे वाचलेला पहिला माणूस मिळायला १९४५ उजाडलं. १९५४ साली बॉस्टनमध्ये एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं गेलं. माझ्या आईच्या तरुणपणी मूत्रपिंडं निकामी होणं म्हणजे मरणच होतं, आणि त्याच आईने म्हातारपणी आपल्या मुलाला बेळगावात डायलिसिसच्या खुर्चीत बसलेलं पाहिलं. हयातीत होतं, हे मी कुठल्या पुस्तकातून नाही, आमच्या घरातून सांगतो.

आता २०२४ च्या मार्चबद्दल. भावाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालायचं. मूत्रपिंड द्यायला मी तयार होतो, पण मला मधुमेह; भावजयीचा रक्तदाब आड आला. भावाच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर, बोट ठेवलं की आतली थरथर सतत जाणवायची. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नसल्यामुळे दिवसभराचं पाणी भावजय सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवायची आणि गोळ्यासुद्धा त्यातल्याच पाण्याने घ्याव्या लागत. ऊन वाढलं की तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसे.

त्या महिन्यात बातमी आली की बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड स्लेमन नावाच्या ६२ वर्षांच्या माणसाला डुकराचं मूत्रपिंड बसवलं आहे. मी ती डायलिसिस चालू असताना भावाला सांगितली, आणि तो वायरमन असल्यामुळे त्याला नुसत्या बातमीवर समाधान नव्हतं. डुकराच्या पेशीत नेमकं काय तोडलं आणि काय जोडलं, हे त्याला हवं होतं. मी सांगितलं की एकूण ६९ बदल केले आहेत. ज्या साखरेमुळे आपलं शरीर डुकराचा अवयव ताबडतोब नाकारतं, ती आणि तिच्यासारख्या आणखी साखरा तयार करणारी ३ जनुकं काढली, माणसाची ७ घातली, आणि डुकराच्या जनुकांत दडून बसलेले विषाणू पुढे जागे होऊ नयेत म्हणून ५९ ठिकाणी ते निकामी केले. त्याने ते तिथल्या नर्सलाही समजावून सांगितलं. मग मला विचारलं, "दादा, हे आमच्यापर्यंत कधी येणार?" मी म्हणालो, "दहा-पंधरा वर्षं तरी लागतील." त्यानंतर यंत्र थांबेपर्यंत तो बोलला नाही.

मे महिन्यात स्लेमन गेले. प्रत्यारोपणामुळे ते गेल्याचं काही चिन्ह नाही, असं हॉस्पिटलने जाहीर केलं. ही बातमी मी भावाला सांगणार नव्हतो, पण त्याने मोबाइलवर आधीच वाचली होती. तो म्हणाला, "दोन महिने पोटभर पाणी तरी प्याला असेल." त्याच पावसाळ्यात भाऊ गेला.

मी त्याला खोटी आशा लावली, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतात. वर्षांचा आकडा मी लपवला नव्हता, तेव्हा हा आरोप मला मान्य नाही. पण हेही खरं की त्या खुर्चीशेजारी रिकाम्या हाताने बसणं मला सोसत नव्हतं, आणि ती बातमी त्याच्याइतकीच मलाही हवी होती.

शाळेत शिकवत असतानाचा मी म्हणायचो की शोध एकदा लागला की तो सगळ्यांपर्यंत पोहोचतोच. त्या मास्तरशी माझा वाद अजून चालू आहे, कारण त्याच्याकडेही दाखले आहेत. क्रिस्पर या तंत्राने जनुक हवं तिथे कापता येतं, हे २०१२ साली दिसलं आणि २०२३ च्या अखेरीस सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर त्याचं औषध मंजूरही झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला टोवाना लूनी यांना बसवलेलं डुकराचं मूत्रपिंड १३० दिवस चाललं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत अशा मूत्रपिंडांच्या रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली. मी त्याला एवढंच विचारतो की सिकलसेलच्या त्या औषधाची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, तर ते सिकलसेल असलेल्या गडचिरोलीच्या पोरापर्यंत कुणाच्या हयातीत पोहोचणार?

भावजय मला म्हणते, "भावजी, त्यांना हे सांगायलाच नको होतं." पुतण्या म्हणतो की त्या दिवशी बाबा घरी येऊन रात्री उशिरापर्यंत त्या ६९ बदलांबद्दलच बोलत होते. मी दोघांनाही उत्तर देऊ शकलेलो नाही. भाषणं मात्र चालू ठेवणार आहे, आणि यापुढे 'हयातीत' म्हणताना बॉस्टनला कधी, बेंगळुरूला कधी आणि खानापूरच्या सरकारी दवाखान्यात कधी, हे वेगवेगळं सांगणार आहे. त्यातलं शेवटचं विचारलंत, तर मला तारीख देता येणार नाही.