भोंगा वाजला, भट्टी पेटलेलीच

पुण्यातल्या एका हॉटेलची वार्षिक गॅस तपासणी. बाहेर 19 किलोच्या चार अधिक चार टाक्यांचा मॅनिफोल्ड, म्हणजे टाक्या एका लाइनला जोडणारा पाइप, आत सहा भट्ट्या. सकाळी सातलाच पोचलो, भट्ट्या पेटायच्या आत. गरम पाइपातला गॅस फुगतो, दाब वाढतो आणि बारीक गळती त्याआड लपते.

सगळे कॉक बंद करून लाइन 1 किलो दाबावर अडकवली. 15 मिनिटं दाबमापकाचा काटा हलला नाही. साबणाच्या पाण्याला मात्र एका टाकीच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले. आतली रबरी रिंग चिरली होती. हा सांधा रेग्युलेटरच्या अलीकडचा, टाकीच्या पूर्ण दाबाखालचा. लाइनच्या चाचणीत तो सापडणारच नाही. टाकी बदलली.

मग डिटेक्टर, म्हणजे गॅस गळला की भोंगा वाजवणारं यंत्र. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीपासून वीतभर उंचीवर होता, जागा बरोबर. हवेत साधारण 2 टक्के गॅस झाला की पेटू शकतो, भोंगा त्याच्या पाचव्या हिश्श्याला वाजायला हवा. बरेच जण लायटरचा गॅस थेट सोडतात. त्याने सेन्सर खराब होतो आणि किती गॅसला वाजला तेही कळत नाही. मी मापाचा टेस्ट गॅस लावला, एक भट्टी मुद्दाम पेटती ठेवून.

भोंगा लगेच वाजला. बाहेर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे भोंग्यासोबत गॅस आपोआप तोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, टक् करून मिटला. दोन मिनिटं झाली तरी भट्टी रसरशीत.

पाइपात उरलेला गॅस जळायला थोडा वेळ लागतो, पण इतका नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर सोलेनॉइडला वळसा घालणारी बायपास लाइन, कॉक पूर्ण उघडा. आचारी म्हणाले, "साहेब, रोज रात्री भोंगा वाजून गॅस बंद व्हायचा." रात्री फरशी पाइपने धुतात, पाणी सेन्सरमध्ये जातं. म्हणजे डिटेक्टर बरोबर जागी होता, म्हणूनच भिजत होता.

बायपास काढून दोन्ही तोंडं प्लगने बंद केली. डिटेक्टर 30 सेंटीमीटरवर नेला, वर पत्र्याचा आडोसा लावला, खालची बाजू उघडी ठेवली. नाहीतर गॅसही अडतो. पुन्हा चाचणी घेतली: 40 सेकंदांत भट्टी विझली.

"आता रात्री वाजला तर?" आचाऱ्यांनी विचारलं.

आधी गळती शोधायची, मग बाहेर जाऊन व्हॉल्व्ह हाताने रिसेट करायचा. आणि त्या भिंतीपाशी पाइप नाही, पोछा. मालक "हो" म्हणाले. रिपोर्टमध्ये मी महिन्याभराने फेरतपासणी लिहिली.