आमची वाटचाल : काजू, कॅरमेल आणि 'बुरशी'

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर दर दुसऱ्या दुकानावर 'होममेड चॉकलेट'ची पाटी दिसते. काचेमागे बहुतेक ठिकाणी असतं ते कंपाउंड. लादी आणायची, डबल बॉयलरवर वितळवायची, साच्यात ओतायची, फ्रिजमध्ये ठेवायची, की झालं होममेड. कंपाउंडशी आमचं भांडण नाही, केकच्या सजावटीला ते उत्तम चालतं. पण कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी घातलेला माल चॉकलेट म्हणून, चॉकलेटच्या भावात शेजारी विकला जायला लागला की खऱ्या कोको बटरचं चॉकलेट करणाऱ्या आमच्यासारख्यांची पंचाईत होते. सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. माल केला, विकला, देणी भागवली. पंचाइतीबद्दल मात्र बरंच आहे.

धंद्याची सुरुवात चिक्कीवाल्याच्या हाताने झाली. आमचे पहिले भागीदार म्हणजे मामा. लोणावळ्याच्या भट्ट्यांवर त्यांची हयात गेलेली. त्यांच्या कढईत थर्मामीटर कधी गेला नाही. पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा आणि बोटांनी पाहायचा. गोळी वळली आणि दाबल्यावर थोडी चपटी झाली की कॅरमेल तयार. थेंब टणकन तुटला की चिक्कीचा पाक तयार. चॉकलेटचे क्लास करून आलेली मुलं या पद्धतीला हसायची. पण पाचगणीत ती पद्धत बरोबर येते आणि छापील तक्ते चुकतात.

कारण साधं आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे. इथे पाणी १०० अंशांना नव्हे, ९५-९६ च्या आसपास उकळतं. उकळत्या पाकाचं तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरलंय त्याचं माप. पुस्तकात चघळायच्या कॅरमेलला ११८ अंश लिहिलेले असतात ते समुद्रकाठच्या गावासाठी. इथे ते ११४ लाच तयार होतं. ११८ पर्यंत नेलं तर गिऱ्हाइकाच्या दाढेतलं सिमेंट निघून येईल. पुण्यात हा फरक जेमतेम दोन अंशांचा, पण कॅरमेलमध्ये दोन अंशही कळतात. म्हणून रोज सकाळी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरायचा, आकडा लिहायचा, १०० मधून वजा करायचा. जो फरक येईल तो पाककृतीतल्या प्रत्येक पाकाच्या आकड्यातून कमी करायचा. थर्मामीटरची स्वतःची खोटही त्यातच निघून जाते. पिस्तुलासारखे इन्फ्रारेड थर्मामीटर पाकाला वापरू नका, ते फक्त वरचा थर वाचतात आणि वाफेने फसतात. सळईचाच हवा.

एक अपवाद आहे. साखर लाल करताना फरक वजा करायचा नाही. तिथे पाणी जवळजवळ संपलेलं असतं आणि रंग येतो तो साखर जळण्याच्या वाटेवर असते म्हणून. ती मुंबईत १६५-१७० ला लाल होते, तशीच पाचगणीतही.

आमचा एक घाणा असा : साखर १ किलो, लिक्विड ग्लुकोज ६०० ग्रॅम, पाणी २५० मिली, २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम १ लिटर, खारं बटर २०० ग्रॅम, चिमूटभर खाण्याचा सोडा. भांडं जाड बुडाचं, किमान दहा लिटरचं. क्रीम पडताच पाक चौपट वर येतो. साखर, ग्लुकोज आणि पाणी विरघळेपर्यंत ढवळायचं, मग हात काढून घ्यायचा. दोन-तीन मिनिटं झाकण ठेवलं की वाफेचं पाणी कडांवरून ओघळतं आणि कडेला चिकटलेले साखरेचे दाणे धुऊन निघतात. हे दाणेच सगळा घात करतात. एक दाणा परत आत गेला की त्याच्याभोवती पुढचे जमतात आणि दुसऱ्या दिवशी कॅरमेल रवाळ होतं. ग्लुकोज घालायचं तेही याच्यासाठी, त्यामुळे साखरेचे रेणू रांगेत उभे राहू शकत नाहीत. ग्लुकोज वाचवणाऱ्यांची कॅरमेलं आठवड्यात बर्फीसारखी भुसभुशीत झालेली आम्ही पाहिली आहेत.

पाक गडद मधाच्या रंगाचा झाला की सोडा घातलेलं गरम क्रीम तीन वेळा करून ओतायचं. गार क्रीम टाकलं तर पाकाचा गोळा होतो. सोडा नसला तर कमी फॅटचं क्रीम फाटण्याची भीती असते. आता मात्र हात थांबवायचा नाही. दुधातली प्रथिनं बुडाला लागतात, म्हणून सपाट उलथण्याने बूड खरवडत राहायचं. शेवटचे चार-पाच अंश मंद आचेवर न्यायचे, ११३ ला भांडं उतरवायचं. उरलेला अंश भांड्याच्या उष्णतेने आपोआप चढतो. मग बटर, आणि त्यानंतर ८०० ग्रॅम भाजलेले काजू. काजू गरमच हवेत. गार काजू टाकले की कॅरमेल त्यांच्याभोवती आवळतं आणि ताटात पसरत नाही. चॉकलेटमध्ये घालायचे काजू मात्र पूर्ण गार हवेत, नाहीतर चॉकलेटचं टेम्पर, म्हणजे वितळवून नीट गोठवल्याने आलेली चकाकी आणि कडकपणा, मोडतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

काजू आम्ही वेंगुर्ला आणि चंदगडकडून आणतो. अख्खे मोठे, २४० नंबरचे काजू घेऊन ते कापणं हा निव्वळ डामडौल आहे. पाकळी आणि मोठा तुकडा घ्या. १५० अंशांवर चौदा-पंधरा मिनिटं भाजायचे, मधे एकदा ट्रे फिरवायचा. एक दाणा मोडून पाहायचा : आतपर्यंत एकसारखा बिस्किटी रंग हवा. बाहेर तांबूस आणि आत पांढरा असेल तर आच जास्त होती. ओल राहिलेला काजू कॅरमेलमध्ये मऊ पडतो, मग कितीही चांगलं चॉकलेट लावा, उपयोग नाही.

आता पंचाइतीकडे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा चॉकलेटवर २८ टक्के कर होता. नोव्हेंबरात तो १८ वर आला. त्या मधल्या काळात आम्ही प्रत्येक डब्याचं बिल फाडत होतो, आणि त्याच हंगामात बाजारपेठेत एक नवं दुकान उघडलं. नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना माहीत आहे. खाकी कागद, वर सुतळी, कोपऱ्यात शिक्का, असं आमचं वेष्टण त्यांनी उचललं. हॉटेलांच्या काउंटरवर आमच्याहून जास्त कमिशन देऊ केलं. आत कंपाउंड, आणि 'काजू रॉक'मध्ये शेंगदाण्याचे तुकडे. हेही सोसलं असतं. पण उन्हाळा आला आणि त्यांच्या हाती कोलीत लागलं.

टेम्पर केलेल्या खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३३-३४ अंशांना वितळतं. तोंडात ठेवताच विरघळतं ते त्यामुळेच, आणि त्यासाठीच त्याचा भाव. पण एप्रिलमध्ये पर्यटक पसरणी घाट उतरतो, वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जाताना गाडी उन्हात लावतो. डिकीत चॉकलेट वितळतं. पुढे खंबाटकीपर्यंत एसीत ते पुन्हा गोठतं, पण टेम्पर गेलेलं असतं. घरी डबा उघडावा तर वर राखाडी-पांढरे पट्टे. कंपाउंडमधली चरबी जास्त तापमान सोसते, ते बापडं तसंच्या तसं पोचतं. मग हॉटेलांत सांगितलं जाऊ लागलं, की 'त्यांच्या चॉकलेटला बुरशी येते'. दोन हंगामांत आमचे बहुतेक काउंटर गेले. दुकानाचं भाडं थकलं, चॉकलेट वितळवायचा मेल्टर विकायला काढायची वेळ आली.

ती बुरशी नव्हती. चॉकलेटमध्ये बुरशीला पुरेल एवढं पाणीच नसतं. बोट हलकेच फिरवून पाहा. डाग बोटाच्या उबेने पुसला गेला तर तो कोको बटरचा, खायला निर्धोक. पुसला जात नाही, खरखरीत लागतो आणि ओल्या बोटाने विरघळतो तो साखरेचा, म्हणजे माल दमटात किंवा फ्रिजमधून काढून उघडा ठेवला होता. बुरशी लव आल्यासारखी उगवते आणि वास मारते. हे आम्ही डब्याच्या आतल्या चिठ्ठीवर छापायला लागलो. किती जण वाचतात, देव जाणे.

तगलो ते माल बदलून. पूर्ण चॉकलेटच्या बारऐवजी काजू-कॅरमेलचा चौकोन पुढे आणला, त्याला फक्त तळ आणि निम्मी उंची चॉकलेटची. कॅरमेल डिकीतली ऊब सोसतं, आणि तळाला डाग पडला तरी कागदात झाकलेला राहतो. कॅरमेल स्टीलच्या पट्ट्यांच्या चौकटीत १५ मिलिमीटर जाडीत ओतायचं, रात्रभर २०-२२ अंशांत राहू द्यायचं, तेल लावलेल्या लांब सुरीने दाबून कापायचं. सुरी ओढली की कडा लोळतात. कापल्यावर लगेच बुडवायचं किंवा गुंडाळायचं. पावसाळ्यात उघडं राहिलेलं कॅरमेल तासाभरात हवेतलं पाणी पिऊन चिकट होतं. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी, आणि पाचगणीच्या जुलैत एकटा एसी ते करू शकत नाही. डिह्युमिडिफायर घ्या. टेम्परिंग मशीन नंतर घेतलं तरी चालतं.

टेम्परिंग आम्ही आजही ग्रॅनाइटच्या लादीवर करतो. डार्क ४५-५० अंशांना पूर्ण वितळवायचं, दोन तृतीयांश लादीवर ओतून खरवडत २७-२८ वर आणायचं, उरलेल्यात मिसळून ३१-३२ वर काम करायचं. मिल्क दोन अंश खाली. सुरीचं टोक बुडवून ठेवा. २० अंशांच्या खोलीत चार-पाच मिनिटांत चकाकी धरून सुकलं तर बरोबर. पट्टे उमटले तर पुन्हा वितळवा, घाई करू नका. पाण्याचा एक थेंब पडला की सगळ्या भांड्याचा लगदा होतो, म्हणून डबल बॉयलरची वाफ भांड्याच्या कडेवरून आत येऊ द्यायची नाही. आणि कंपाउंडचं भांडं खऱ्या चॉकलेटला कधीच नाही. दोन्ही चरब्या एकमेकींत मिसळल्या की माल मऊ राहतो आणि काही आठवड्यांत पांढरा पडतो. बाजारात 'अर्धं-अर्धं' करून खर्च वाचवा म्हणून सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक हललं नाही. इथल्या एका निवासी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या दर नाताळला डबे नेतात, नातेवाइकांना वाटतात, आणि कुठला डबा कधी उघडला, चव कशी होती, हे चिठ्ठीवर लिहून परत पाठवतात. कौतुकाचा एक शब्द नसतो. पण आमच्या पाकिटावरची 'या तारखेपूर्वी' त्या चिठ्ठ्यांवरून ठरली. अक्रोड सगळ्यांत आधी खवट होतो, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून अक्रोड आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो आणि ऑर्डर आल्यावरच भाजतो. बदाम त्याहून टिकतो. काजू-कॅरमेलला कागद नीट पिळलेला असेल तर तीन महिने काही होत नाही.

मग २०२४ आलं. घाना आणि आयव्हरी कोस्टचं पीक बसलं, आणि आदल्या वर्षीच्या सुरुवातीला टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको एप्रिलमध्ये अकरा हजारांवर गेला, डिसेंबरात बाराच्याही पुढे. आमच्या कूव्हर्चरचा, म्हणजे कोको बटर असलेल्या खऱ्या चॉकलेटचा, भाव जवळपास दुप्पट झाला. त्या नकलेच्या दुकानाला याची झळ कमी लागली, कारण कंपाउंडमध्ये कोको बटर नसतंच, फक्त पावडर. हॉटेलवाल्यांनी पुन्हा सुचवलं, की तुम्हीही तेच वापरा. आम्ही चॉकलेटचा थर पातळ केला. तुकड्याच्या वजनात ते एक तृतीयांश होतं ते सहाव्या हिश्शावर आणलं, काजू वाढवले, भाव थोडा चढवला. बुडवण्याचा काटा वर काढल्यावर भांड्याच्या कडेला तीन वेळा आपटायचा, जास्तीचं गळून जातं. थर पातळ करायला याहून महाग यंत्र लागत नाही. दहा तुकडे बुडवण्याआधी आणि नंतर तोलायचे, म्हणजे हात सुटतोय का ते कळतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा कर ५ टक्के झाला, कोकोही उतरला. त्याच दुकानात आता 'प्रीमियम बेल्जियन' अशी नवी पाटी लागली आहे. तिथल्या पाकिटाची मागची बाजू वाचावी, घटकांत 'हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट' आहे का पाहावं. आमचं पाकीटही तसंच उलटून पाहा.

हॉटेलांच्या काउंटरवर आम्ही आता माल ठेवत नाही, उधारीवर तर नाहीच. मार्च ते मे कुरिअर बंद असतं, फक्त बिनचॉकलेटचं काजू-कॅरमेल जातं. बाकीच्यांनी घाट उतरताना डबा डिकीत न ठेवता पायापाशी, एसीच्या झोताखाली ठेवावा.