तुरीला भाव पाहिजे, डाळीला नको

डाळ महागली की टीव्हीवर एक ठरलेली बातमी येते. मुंबईतलं नाहीतर पुण्यातलं एखादं किराणा दुकान, हातात पिशवी घेतलेली एक बाई, तिच्या तोंडासमोर माईक, आणि खाली पट्टी फिरत असते, गृहिणींचं बजेट कोलमडलं. बाई म्हणते आम्ही खायचं काय. खरंच बोलते ती, तिचं काही चूक नाही. पण गृहिणी तर मी पण आहे ना, फक्त मी राहते यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, आणि ती बातमी लागली की आमच्या घरात दोन पार्ट्या पडतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "बरं होऊन राह्यलं, आता तरी तुरीले दाम भेटन." तर आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आतून म्हणतात, "अन् डाळ काय फुकट येऊन राह्यली काय?" दोघंही बरोबर. ज्या मालाचा भाव वाढावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसतो, त्याच मालाचा भाव वाढला म्हणून किराणा दुकानात तोंड वाकडं करतो.

माझी नणंद पुण्याला असते, ती दरवेळी म्हणते, वहिनी तुमचं बरं आहे, घरचीच तूर, तुम्हाला डाळीचं काय टेन्शन. तिला कितीदा सांगितलं की बाई, तूर आणि डाळ यांच्यामधे अख्खं अकोला आहे. म्हणजे तिथल्या दालमिल. आपली तूर पोत्यात जाते, तिची डाळ होते, पॉलिश होते, पुड्यात भरते आणि आपल्याच गावच्या दुकानात परत येते, तोवर तिच्यात सगळ्यांची मजुरी, भाडं, कमिशन बसलेलं असतं. आणि क्विंटलभर तुरीतून डाळ निघते सत्तर-पंचाहत्तर किलो, बाकी चुनी म्हणजे डाळीचा चुरा, टरफल, तूट. हे सगळं मान्य आहे मला, मिलवाला काही धर्मादाय करायला बसला नाही. पण खरी गोची मिलमधे नाही, ती आहे कॅलेंडरमधे.

तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा सगळ्यांचीच येते, म्हणून भाव पडलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच कृषी केंद्रवाल्याची उधारी डोक्यावर, बँकेचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत फिरवायचं, घरात नाहीतर भावकीत एखादं लग्न. ठेवायची कोणाची हिंमत आहे? पोती जातात. आणि आषाढ लागला, पेरणी आटपली, हातातला पैसा वावरात गेला, की डाळीचा डबा खडखडायला लागतो आणि भाव तेव्हा चढलेला असतो. स्वस्तात विकायचं आणि महागात घ्यायचं हे काही आम्हाला कोणी शिकवलं नाही, ते आपोआपच होतं दरवर्षी.

२०१५ ची डाळ कोणी विसरलं नसेल, २०० रुपये किलो. तेव्हा मी नवीन नवीन होते या घरात, आत्याबाईंनी वरणाची डाळ वाटीऐवजी मुठीने टाकायला लावली होती मला. ते २०० पाहून सगळ्यांनी तूर लावली, धुऱ्यापर्यंत लावली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ मधे खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरच्या रांगा. हमीभाव क्विंटलला ५,०५० होता पण बारदाना नाही, काटा बंद, बाजारात त्याच्याखाली भाव. आमचे हे पोत्यांवर गोधडी टाकून झोपायला जायचे तिकडे. मग बऱ्याच वर्षांनी २०२४ च्या सुरुवातीला तूर दहा हजारावर गेली, गावात लोकांच्या चालण्यात फरक पडला होता अक्षरशः. अन् वर्षभरातच, २०२५ चा माल निघाला तेव्हा, हमीभाव ७,५५० आणि बाजार त्याच्याही खाली. कारण काय तर बाहेरची तूर. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, तिकडून बिनाशुल्क येते, डाळ महागली की सरकार दार उघडतं. टीव्हीवरच्या त्या बाईसाठी उघडतं. मला तिचा राग येत नाही हो, जून-जुलैमधे मी स्वतः तीच बाई असते. पण जानेवारीत मी दुसरी असते, आणि सरकारला जानेवारीतली मी दिसत नाही.

तेलाचं तर आणखी गमतीचं आहे. आमच्या शिवारात जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन. पिकवायचं आम्ही आणि तेलाचा पुडा दुकानातून. पूर्वी असं नव्हतं म्हणे, आत्याबाई सांगतात की जवस, तीळ, करडई घरचीच असायची, घाण्यावरून तेल काढून आणायचं, ढेप गुरांना, आणि जवसाची चटणी वर्षभर. आता जवस मीच बाजारातून पावशेर आणते आणि ते पण तब्येतीला चांगलं म्हणून, मोबाईलवर वाचून. तर २०२४ च्या सप्टेंबरमधे सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, सगळं मिळून साडेपाच टक्क्यावरून साडेसत्तावीस. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. आमच्या घरात आनंदीआनंद, सोयाबीन सोंगायला आलेलं होतं, ह्यांनी हिशोब पण करून ठेवला. झालं काय, तर दुकानातला तेलाचा पुडा लगोलग वाढला, दसऱ्याच्या आधीच, आणि सोयाबीन राहिलं चार हजाराच्या आसपास, हमीभाव होता ४,८९२.

मी विचारलं ह्यांना, की बाबा तेल महागलं तर ज्याच्यापासून तेल निघते ते काहून नाई महागलं? तर हे म्हणाले, सोयाबीनमधे तेल असते अठरा-वीस टक्के, बाकी सगळी ढेप, भाव ठरते ढेपीवर. आणि ढेपीला उठाव नाही, कारण कोंबड्यांच्या खाद्यात आता इथेनॉलच्या कारखान्यातला मक्या-तांदळाचा चोथा चालतो, तो स्वस्त पडतो. म्हणजे पहा, गाड्यांच्या पेट्रोलमधे काय मिसळतात त्याच्यावर माझ्या घरच्या सोयाबीनचा भाव, आणि इंडोनेशियात काय चाललंय त्याच्यावर माझ्या कढईतल्या तेलाचा. २०२२ मधे युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मग इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा तेलाच्या भावाने काय केलं ते आठवत असेल. आमच्या गावात युक्रेन कुठे आहे हे लोकांना तेलाच्या पुड्यामुळे कळलं. पुढे २०२५ च्या मे महिन्यात ते शुल्क पुन्हा खाली आणलं, साडेसोळावर. तेल त्या मानाने उतरलं का? तुमचं तुम्ही आठवून पहा.

किराणावाल्याला शिव्या देणं सोपं आहे पण मला ते पटत नाही. त्याच्याकडे अर्ध्या गावाचं खातं आहे, सोयाबीन निघालं की देतो, कापूस विकला की देतो, आणि त्याला मात्र तालुक्याच्या ठोक दुकानात रोख मोजावे लागतात. तो म्हणतो, "वहिनी, भाव का मी ठरवतो? वरूनच येऊन राह्यला." हे 'वरून' म्हणजे कुठून ते त्यालाही माहीत नाही. तेलाच्या पुड्याचं एक मात्र त्यानेच दाखवलं मला. आपण बिनधास्त किलोचा पुडा म्हणतो, पण तो असतो लिटरचा, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आणि हल्ली तसाच दिसणारा पुडा साडेआठशे ग्रॅमचा पण असतो, आठशेचा पण असतो, बारीक अक्षरात लिहिलेलं असते, चष्मा लावून वाचा. पाच रुपयाच्या बिस्किटाचं पण तेच. पोराला किंमत तीच दिसते, पुडा मात्र दरसाली एकेक बिस्किट गिळत चाललाय.

सरकारचाच २०२३-२४ चा सर्व्हे आहे की खेड्यातला माणूस १०० रुपये खर्च करतो त्यातले ४७ खाण्यापिण्यावर जातात. शहरात ते ४० च्या आत आहे. वाचलं तेव्हा मला वाटलं, आपण तर पिकवणारे, आपलं कमी असायला पाहिजे होतं की. पण मग लक्षात आलं की आपण पिकवतो ते खातच नाही आता. ज्वारीचंच घ्या. पहिले इथे ज्वारीच ज्वारी, मजुराला मजुरीत ज्वारी, जनावराला कडबा. आता रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत, रात्ररात्र जागलीला कोण जाणार, म्हणून लोकांनी ज्वारी सोडली. आणि झालं असं की राशनचा गहू फुकट, तांदूळ फुकट, २०२३ पासून, माणशी पाच किलो, आणि ज्वारी दुकानात गव्हापेक्षा महाग. चून-भाकर गरिबाचं जेवण म्हणायचे ना? आता पाहुणे आले की भाकरी करतो आम्ही, रोज पोळ्या.

राशनचं मी वाईट बोलणार नाही. फुकट गहू-तांदळाने घर उभं आहे कितीतरी लोकांचं. पण गहू-तांदळाने पोट भरते, आणि किराणाची यादी जिथून लांबते ती त्याच्या पुढे, डाळ, तेल, साखर, चहापत्ती, तिखट, शेंगदाणे. सरकारच्या त्या आनंदाच्या शिध्यात, २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयात रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल दिलं होतं, तेव्हा ज्याने कोणी ती यादी केली त्याला घरातलं नेमकं काय अडते ते बरोबर कळलं होतं असं मला वाटते. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात माझ्या खात्यात. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं साडी घेऊ. ते सरळ किराणावाल्याच्या वहीत जातात, वाटेत थांबत पण नाहीत.

भाव चढला की पहिली कात्री कशावर लागते हे आमच्याकडे कोणी बोलून दाखवत नाही, ताटावर बसलं की कळते. शेंगदाण्याचा कूट भाजीतून जातो. चहा आधी कमी होतो, मग नुसता फिका होतो. वरण पातळ होत होत पावसाळ्यातल्या आमच्या अडाण नदीसारखं होतं, नुसतं पाणीच पाणी, गढूळ. मामाजी काही बोलत नाहीत, फक्त भात आळं करून वाढायला सांगतात, म्हणजे वरण पळत नाही.

आमच्या शेजारची बाई मजुरीला जाते, तिच्याकडे वावर नाही. तिच्यासमोर मी तुरीचा भाव वाढला पाहिजे असं बोलत नाही. तिची बाजू एकच, तिला डाळ स्वस्त पाहिजे. ती एकदा निंदताना म्हणाली, "तुमाले भाव भेटला तं तुमी आमची मजुरी वाढवा, मंग डाळ कितीबी होऊ द्या." मी हसले खरी, पण मला त्याच्यावर उत्तर सुचलं नाही, आणि आमच्या ह्यांना तर मजुरीचा विषय काढला की कुठेतरी महत्त्वाचं कामच आठवते.

तर यंदा मी हट्ट धरला की सगळी तूर विकायची नाही, थोडी ठेवायची आणि डाळ घरी करायची. आत्याबाईंना येते ती. तूर निवडायची, रात्रभर भिजू घालायची, सकाळी उपसून गच्चीवर पसरायची, चांगली कडक वाळेपर्यंत रोज खालीवर करायची, चिमण्या हाकलायच्या, माकडं आली की आरडाओरडा करायचा, मग भरडायची. जात्यावर भरडायची म्हणजे खांद्याचं काम आहे, थोडी जात्यावर केली आणि बाकीची छोट्या मशीनवर नेली, कबूल करून टाकते. मग सुपाने पाखडायची. आत्याबाईंचं पाखडणं पहावं, डाळ एका बाजूला, टरफल एका बाजूला, चुनी एका बाजूला, माझ्याकडून सगळं एकाच बाजूला जाते. चुनी गाईला. दिसायला ती डाळ काही दुकानासारखी चकचकीत नसते, मळकट पिवळी, कुठे कुठे साल चिकटलेलं. पण वरण केलं आणि वरून हिंग-लसणाची फोडणी दिली तेव्हा मामाजींनी भात आळं करायला सांगितलं नाही.

याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि नणंदेचा लगेच फोन, वहिनी मला पण पाहिजे, पंधरा-वीस किलो, कशी किलो लावणार? आता आली का पंचाईत. घरच्या माणसाला भाव काय सांगायचा? तूर बाजारात गेली असती तर किती, तूट किती, मशीनवाल्याचे किती, हे सगळं कागदावर मांडलं, आत्याबाईंच्या पाखडण्याचे तर धरलेच नाहीत, आणि एक आकडा सांगितला. ती म्हणाली, अगं वहिनी, इथे ऑनलाइन ह्याच्यापेक्षा स्वस्त आहे. मी म्हटलं मग तिथून घे. मग थोडं तिने सोडलं, थोडं मी सोडलं. कुरिअरवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून दोघींनी एकदमच नाही म्हटलं, शेवटी डाळ पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून गेली, ड्रायव्हरला चहापाणी देऊन. पोचली म्हणाली, मस्त आहे म्हणाली, फोटो पण पाठवला. पैसे अजून आले नाहीत. घरचीच आहे, मागायचे कसे, म्हणून आत्याबाईंनी वहीत लिहून ठेवायला सांगितलंय.