बारव-लेख: 'पायऱ्या' अखेर सापडल्या

शोधाचा घोळ सुटला. ऑब्सिडियन या नोंदींच्या अॅपमध्ये 'पायऱ्या' टाकलं की निम्म्याच चिठ्ठ्या यायच्या आणि बारवांवरच्या (पायऱ्यांच्या विहिरींवरच्या) माझ्या लेखाचा मधला भाग त्यावरच अडून बसला होता. दिसायला सगळ्या 'पायऱ्या' सारख्याच. आत मात्र काहींत 'ऱ' अधिक हलन्त, तर काहींत साधा 'र', हलन्त आणि वर झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोड-चिन्ह). शोधाच्या लेखी हे दोन निराळे शब्द. दुसरा प्रकार बहुधा चिकटवलेल्या मजकुरातून घुसतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून थेट 'ऱ' घेतला की ही भानगडच नाही.

उपाय असा: आधी व्हॉल्टची (चिठ्ठ्यांच्या फोल्डरची) प्रत काढा. मग फोल्डर व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडा, ते त्रिकूट एखाद्या बिघडलेल्या चिठ्ठीतूनच कॉपी करून शोधात टाका आणि बदली 'ऱ' अधिक हलन्त द्या. नुसता झेडडब्ल्यूजे उडवलात तर रफार चढून 'पायर्या' होतं, आणि ते निस्तरणं जास्त कटकटीचं.

सामान्यरूपांचा त्रास वेगळा. 'विहीर' शोधून 'विहिरीत' मिळत नाही, कारण वेलांटीच बदलते. शोधात /विह[िी]र/ (दोन्ही वेलांट्या पकडणारा नमुना) चालतं. दुव्यासाठी चिठ्ठीला 'विहिरी' हे अलायस (पर्यायी नाव) द्यायचं आणि [[विहीर|विहिरी]]त असं लिहायचं. प्रत्यय कंसाबाहेर बिनबोभाट चिकटतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ लुहमानच्या सुमारे 90,000 चिठ्ठ्या कागदी, तिथे विभक्तीची भानगड नव्हती!

आता फळ. चिठ्ठी क्रमांक 7अ3 (पायऱ्या: माणसं पाण्यापर्यंत उतरतात) आणि 12क (मोट: पाणी शेतापर्यंत वर येतं) प्रथमच एका यादीत आल्या, आणि दोन्हींच्या मध्ये साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर, शिलालेख शके 1641-1646. तिथे पायऱ्याही आहेत, मोटाही. म्हणजे लेखाचा कणा 'पाणी कोण, कशासाठी काढतं' हा. नंदा, भद्रा, जया, विजया (एक ते चार प्रवेशमार्गांनुसार बारवेचे प्रकार) हा ठरवलेला पहिला भाग आता एका परिच्छेदात उरकायचा.

मांडणी मात्र टेबलावरच. ऑब्सिडियनचा कॅनव्हास (चिठ्ठ्या मांडायचा फलक) छान आहे, पण वीसेक चिठ्ठ्यांनंतर झूम करण्यातच जीव जातो. दुकानातली तयार इंडेक्स कार्डं उगाच महाग. 200 जीएसएमचा ए4 कागद झेरॉक्सवाल्याकडून चार भागांत कापून घेतला की नेमका ए6 मिळतो.

हे लिहितानाच सुचलं: दोन कार्डांमध्ये 'म्हणून' की 'पण' हे पेन्सिलीने लिहून पाहायचं. जिथे नुसतं 'आणि' येईल, तिथे एक चिठ्ठी अजून लिहायची आहे. 7अ3 आणि 12क मध्ये सध्या 'आणि'च आहे.