दंडकारण्ये देशे

शनिवार, सातारा

दुपारी शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. संकल्प सोडताना गुरुजींनी नेहमीचंच म्हटलं, 'दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे'. एका शापित राजाच्या नावानं आपण देवाला आपला ठावठिकाणा सांगतो, हे आज काही केल्या डोक्यातून जाईना.

दंड हा इक्ष्वाकूचा सगळ्यांत धाकटा मुलगा. त्याची गोष्ट उत्तरकांडात अगस्त्य रामाला सांगतात. मधुमंत ही त्याची राजधानी, शुक्राचार्य पुरोहित. त्यानं गुरूच्याच आश्रमात त्यांच्या मुलीवर, अरजेवर, बळजबरी केली. वडिलांकडे रीतसर मागणी घाल, असं ती विनवत होती. शुक्राचार्यांनी शाप दिला, सात दिवसांत धुळीचा पाऊस पडून राज्य नष्ट होईल. तसंच झालं. उरलं ते अरण्य.

शापानं नहुष राजाचा अजगर झाला, नृग राजाचा सरडा. त्यांचा शाप त्यांनीच भोगला. दंडाच्या पापात मात्र अख्खा मुलूख गेला, गुराढोरांसकट. माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. गुरं छावणीला न्यायची वेळ आली की घरातली माणसं जेवताना बोलत नाहीत, हे मी पाहिलंय. म्हणून विचारावंसं वाटतं, त्या प्रजेचा काय गुन्हा?

बौद्धांच्या जातककथेत हाच राजा दंडकी म्हणून येतो, नगरी कुंभवती. तिथे अपराध वेगळा. मर्जीतून उतरलेली एक गणिका आपली पीडा टळावी म्हणून किसवच्छ नावाच्या तपस्व्यावर थुंकते. योगायोगानं राजा तिला परत जवळ करतो. मग पदावरून गेलेला पुरोहित तेच करतो, त्यालाही पद परत मिळतं. शेवटी लढाईला निघालेला राजा सगळ्या सैन्याला थुंकायला लावतो. एकटा सेनापती त्या तपस्व्याला न्हाऊ घालतो, क्षमा मागतो आणि वेळेवर राज्य सोडतो.

म्हणजे लोकही रांगेत उभे होते. हे उत्तर मला पटतं, आणि त्याची भीतीही वाटते. पाळण्यातल्या पोरांचा हिशोब मात्र यातही लागत नाही.

आणि अरजा? तिला बापानं सांगितलं, या सरोवराकाठीच राहा आणि काळाची वाट बघ. त्या रात्री तिच्याजवळ राहतील ते जीव वाचतील, एवढं दिलं. पण तिनं का थांबायचं? शुक्राचार्यांचा दंडावरचा राग मला समजतो. मुलीला एकटीला तिथे ठेवून जाणं मी त्यांना माफ करू शकत नाही.